नवरीचा हात, आईचा हात

"मी नाही सोलणार कोलंबी."

"का? हाताक काय झालां तुझ्या?"

"काही झालं नाही. होऊ नये म्हणूनच नाही सोलणार."

"मग मी सोलू? सकाळपासून ओट्यापाशी उभी आहे मी. भात झाला, नारळ खवून झाला, आता कोलंबीपण मीच?"

"पूर्वीला सांग."

"पूर्वीचं उद्या शूट आहे."

"आणि माझं?"

"तुझं कधी आहे, मालन?"

घोडपदेवच्या त्या दोन खोल्यांत रविवारची दुपार होत आली होती. ओट्यावर ताटभर कोलंबी मिशा पसरून पडली होती. ताटाच्या अलीकडे मालन, पलीकडे तिची वहिनी कमल. आणि जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती पूर्वी, कमलची मुलगी, कॉटवर मांडी घालून पंख्याखाली बसली होती. दहाही बोटं हवेत. बोटांवर फिकट गुलाबी, बदामाच्या आकाराची, कालच बसवलेली ॲक्रिलिकची नखं.

"आई, आत्या, भांडू नका ना. द्या इकडे, मी सोलते."

"गप बस!" दोघी एकदम ओरडल्या.

"हात लावून बघ!" हे कमल म्हणाली.

"टोक आत घुसलं तर नख मुळापासून हलेल!" हे मालन म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला स्वतःचाच राग आला. आपण कुणाची नखं वाचवतोय?

कमलनं ताट स्वतःकडे ओढलं. "राहू दे. सोलतंय मी. एवढी वर्षं सोलली, आजच काय नवल? पण एक ध्यानात ठेव. या घरात एकाच बाईचे हात जपूक माका परवडतत. दोघींचे नाय." रागावली की कमल मालवणीत शिरायची. तिथून तिला परत आणणं कुणाला जमत नसे.

मालन गॅलरीत जाऊन उभी राहिली.

मालन धुरी हे नाव तुम्ही ऐकलेलं नसेल. तिचा चेहराही पाहिलेला नसेल. हात मात्र पाहिलेले असतील. गिरगावातल्या सराफांच्या कॅटलॉगात पाटल्या घातलेला हात तिचा. चहाच्या पुड्यावर कप धरलेला हात तिचा. भांड्यांच्या साबणाच्या वेष्टनावर फेसातून वर आलेला लखलखीत हातही तिचाच. तिनं घरात कधी एक वाटीसुद्धा विसळली नाही. कमल मात्र त्याच साबणानं घरादाराची भांडी घासायची, आणि वडी संपत आली की वेष्टन चुरगळून फेकताना म्हणायची, "चल गे मालन, झाला तुझा काम."

सुरुवात अशी झाली. कॉलेज अर्धवट सोडून मालन गिरगावात एका सराफाच्या पेढीवर काउंटरला लागली होती. एके दिवशी अंगठ्यांचे फोटो काढायचे होते आणि जिचे हात ठरले होते ती पोरगी आलीच नाही. शेठ म्हणाले, "मालन, जरा हात पुढे कर." फोटोवाल्यानं लेन्समधून पाहिलं आणि मान वर करून विचारलं, "आजवर कुठे लपवले होतेस हे?"

त्या वाक्यावर मालन पुढची वीसेक वर्षं जगली.

तिचे वडील, कुशाबा, कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. लेकीचा पहिला मोठा फोटो दादरला लागला तेव्हा ते बसस्टॉपवर उभे राहून अनोळखी माणसांना सांगायचे, "तो हात बघताय ना? माझ्या चेडवाचो." लोक हात बघायचे, मग कुशाबांचे कापसानं पांढरे झालेले केस बघायचे आणि सरकून उभे राहायचे. कुशाबांनीच घरात नियम केला. मालनच्या हाताला राख नाही, तिखट नाही, सुरी नाही. तेव्हा कमल कणकवलीहून नुकती सून म्हणून आली होती. तिच्या हातांबद्दल कुणी काही नियम केला नाही.

मालनला स्थळं आली. एका मुलाच्या आईनं विचारलं, "घरकाम येतं ना?" मालनचा भाऊ गंगाधर खरं बोलून बसला, "येत नाही. म्हणजे, करू देत नाही." त्या बाई चहा अर्धा टाकून उठल्या. "मग हात काय शोकेसमध्ये ठेवायचे?" चाळीत ते वाक्य खूप दिवस फिरलं. पुढे स्थळं यायची बंद झाली. मालननं वाईट वाटून घेतलं नाही असं नाही, पण त्या महिन्यात तिच्या हातानं हिऱ्यांची साखळी घातली होती. ज्या हातात शहरातल्या सगळ्या नवऱ्या मुलींच्या बांगड्या आधी चढतात, त्या हाताला एक नवरा नसला तर काय बिघडलं, असं ती म्हणायची. हसून म्हणायची.

मग शिरा वर आल्या.

आधी डाव्या हाताच्या पाठीवर एक. मग उजव्यावर दोन. ती हात वर धरून बसायची म्हणजे रक्त उतरून शिरा बुजतील. फोटोच्या आधी पाच मिनिटं बुजायच्याही. हळूहळू त्या बुजेनाशा झाल्या.

हितेंद्र फोटोग्राफर. परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ. मालनचे निम्मे फोटो त्यानंच काढलेले. तो एक दिवस लेन्स पुसत पुसत म्हणाला, "मालन, अक्षय्य तृतीयेचं मोठं होर्डिंग आहे. दादरला लागणार. नवरीच्या हातात आई बांगड्या चढवतेय, अशी आयडिया आहे."

"छान आहे. कधी येऊ?"

"ये ना. तुझा हात आता कसा, जरा मॅच्युअर झालाय."

"मॅच्युअर म्हणजे?"

"म्हणजे आईचा."

मालन हसली. त्याला वाटलं, तिनं मजेत घेतलं.

"आणि नवरीचा कुणाचा?"

हितेंद्र तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. तिथे आत्याची बॅग सांभाळायला आलेली पूर्वी दाराला टेकून उभी होती. मोबाईल एका हातात, दुसऱ्या हाताचं नख दातात.

"ए, तू. हात दाखव. नाही, तोंडातून काढून दाखव."

पूर्वीनं जीन्सला पुसून हात पुढे केला. हितेंद्र तो उलटासुलटा करून बघत राहिला. मालनला ते बघणं ओळखीचं होतं. ते एकदा तिच्या वाट्याला आलं होतं.

"नखं बघ तिची," मालन म्हणाली. "उंदरानं कुरतडल्यासारखी."

"नखं लावता येतात गं," तो म्हणाला. "बोटं लावता येत नाहीत."

आता नखं लावायची तर त्यातलं घरात कळत कुणाला होतं? मालनलाच. कमल म्हणाली, "तू जा तिच्याबरोबर. तुका त्यातला समजता." आणि मालन गेली. नाही कशी म्हणणार? मदत नाकारली असती तर सगळ्यांना कळलं असतं की तिला काय होतंय.

दादरला नूपुरचं छोटं पार्लर होतं. नूपुर पूर्वीच्या नखावरून फाइल फिरवायला लागली तशी मालन पुढे झुकली.

"बास. जास्त घासू नकोस. पातळ आहेत तिची."

"ताई, मी कोर्स केलाय."

"कोर्स तू केलास. नखं माझी गेली होती."

ते खरं होतं. तरुणपणी एका जाहिरातीसाठी लावलेली नखं तिनं घरी येऊन कंटाळ्यानं उपटून काढली होती. भिजवायची, मऊ करायची, एवढा धीर कुणाला? ॲक्रिलिकबरोबर तिच्या स्वतःच्या नखाचा वरचा पापुद्राही निघून आला. खाली राहिलं ते ओल्या कागदासारखं. भाताचा घास गरम असला तरी झोंबायचं. ते वाढून कापलं जाईपर्यंत एकही काम मिळालं नाही. त्यानंतर मालननं नखांचं सगळं शिकून घेतलं, आणि आता ते सगळं ती पूर्वीला शिकवत होती.

"डब्याचं झाकण नखानं उघडायचं नाही. चमचा घे."

"बरं."

"लिफ्टचं बटण पेरानं दाबायचं. बाटलीवरचं लेबल खरवडायचं नाही."

"आत्या, मी कधी लेबलं खरवडते?"

"कंटाळलीस की. बघितलंय मी. पाण्यात हात घालायचा तर हातमोजे. मोज्यात घाम आला तर मोजे काढून बोटं कोरडी करायची, नखाखालूनसुद्धा. दुपारी जेवून झालं की नखाच्या मुळाशी तेल चोळायचं. दर दोन-तीन आठवड्यांनी नूपुरकडे यायचं. नख वाढतं तशी मागे जागा सुटते, ती भरून घ्यायची. नाहीतर पुढचा भार वाढतो आणि खालचं खरं नख मोडतं."

"आणि कुठे उचललं गेलं तर मला लगेच फोन," नूपुर म्हणाली.

"आणि एवढं होर्डिंग झालं की काढायची. भिजवून, सावकाश. मग चांगले दिवस नुसती ठेवायची."

"आईगं," पूर्वी म्हणाली, "हे नख आहे की तान्हं बाळ?"

नूपुर हसली. मालन नाही हसली. घरी येताना पूर्वीनं तिच्या हातात हात घातला. "तू नसतीस ना आत्या, तर मी आजच वाट लावली असती." मालनला तिच्या बोटांचा स्पर्श जाणवला. लांब, थंड, कुठेही गाठ नसलेली बोटं. तिला वाटलं, ही पोरगी बावीस वर्षं माझ्यासमोर भात कालवत होती आणि मला ही बोटं दिसलीच नाहीत.

कोलंबीवरून भांडण झालं ते दुसऱ्याच दिवशी. मग अंगठ्यांची, ब्रेसलेटची छोटी शूट सुरू झाली. पूर्वी जायची, मालन बरोबर जायची. आधी जिची बॅग पूर्वी धरायची, ती आता पूर्वीची बॅग धरायला लागली. घरी कमलनं पूर्वीसाठी नवे हातमोजे आणले, बदामाचं तेल आणलं. गंगाधर कामावरून येताना लेकीला विचारायचा, "काय म्हणतात हात?" हा प्रश्न आधी तो बहिणीला विचारायचा. मालन ऐकायची आणि पदरानं स्वतःचे हात झाकून घ्यायची. उन्हाचं निमित्तही नव्हतं, अजून जानेवारी होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू चाळीत धुरींच्या दारात व्हायचं. सवाष्ण नसली तरी गॅलरीत बसून हळदीकुंकू लावायचं ते मालननंच, असा चाळीचाच हट्ट. "जाहिरातीतल्या बाईच्या हातचं लागतं," म्हणून बायका कपाळ पुढे करायच्या. यंदा ती पाटावर बसली आणि समोरच्या खोलीतली नलू म्हणाली, "मालन, आज पूर्वीला बसव ना. नवरीचा हात! आम्हांला पण लागू दे."

"तिला नको," मालन शांतपणे म्हणाली. "हळदीनं ॲक्रिलिक पिवळं पडतं. एवढ्या मोठ्या होर्डिंगवर पिवळं नख दिसलं तर?"

यात खोटं काही नव्हतं. आतापर्यंत मालन पूर्वीशी एकदाही खोटं बोलली नव्हती. तिचा प्रत्येक सल्ला खरा होता. फक्त प्रत्येक सल्ला देताना तिला थोडं बरं वाटायचं. हे करू नकोस, ते धरू नकोस, बस, गप्प बस.

बायकांनी मान डोलवली आणि मालन हळदीकुंकू लावू लागली. कपाळं तिच्या बोटापुढे येत होती आणि डोळे तिच्या मागे जात होते. मागे पूर्वी लुगड्यात उभी होती, पोरी तिचा हात धरून फोटो काढत होत्या.

"मालन," नलू म्हणाली, "जरा मान इकडे कर गं. पूर्वीचा हात येत नाहीये फोटोत."

मालननं मान इकडे केली.

होर्डिंगच्या शूटला अजून पंधरवडा होता. मधे अंगठ्यांचं एक छोटं काम. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी पूर्वी केस धुऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून, पाय आपटत आतल्या खोलीत आली. तिथे मालन एकटी बसली होती.

"आत्या! हे बघ ना. इथे उचललंय."

उजव्या हाताचं अनामिकेचं नख. मुळाशी कडेला केसाएवढी फट. मालननं बोट हातात घेतलं, खिडकीकडे वळवलं आणि अंगठ्यानं हलकेच दाबलं. फटीच्या आत पाण्याचा एक इवलासा बुडबुडा सरकला आणि पुन्हा जागेवर आला.

मालनला काय करायचं ते माहीत होतं. तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. आत पाणी गेलं की वरून काही चिकटवायचं नाही. नख काढायचं, खालचं कोरडं होऊ द्यायचं, मगच पुढचं.

"नूपुरला फोन करू?" पूर्वीनं विचारलं. "ती म्हणेल सगळं काढ. मग उद्याचं काय? आत्या, चप्पल चिकटवायची ती छोटी ट्यूब आहे ना आपल्याकडे, ती लावली तर? मैत्रिणी लावतात माझ्या."

मालन बोट धरून बसून राहिली.

"बोल ना. नको लावू ना? मला माहितीय, तू नकोच म्हणणार."

"लाव," मालन म्हणाली.

"खरंच?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"आत्या, यू आर द बेस्ट!" पूर्वीनं तिच्या गालाची पापी घेतली आणि ट्यूब शोधायला पळाली. ट्यूब तिला सापडेना. मालननंच उठून फळीवरच्या डब्यातून काढून दिली.

दुसऱ्या दिवशीचं शूट झालं. आता काढून टाक, एवढं म्हणायचं राहिलं होतं. मालन रोज सकाळी ठरवायची की आज म्हणू. मग पूर्वी आरशासमोर हात नाचवत मोबाईलवर बोलत असायची, आणि मालन म्हणायची, उद्या. नख घट्ट बसलं होतं. बाहेरून सगळ्या दहांत ते वेगळं ओळखूसुद्धा येत नव्हतं. मालनला येत होतं. जेवताना, चहा घेताना, तिची नजर बरोबर त्या एका बोटावर जायची.

हिरवं आधी कमलला दिसलं.

"ह्या काय गे? बोट हिरवां?"

"कुठं?"

"नखाखाली. खोट्या अंगठीचा चढला वाटता रंग. सांगत होतंय, पितळेचा काही घालू नको." कमलनं लिंबाची फोड आणून घासली. तिच्या माहेरी काळपट पितळेवर हाच उपाय असायचा. रंग गेला नाही. उलट लिंबाचं पाणी आत गेलं आणि पूर्वी कळवळली.

कमल तिला घेऊन नूपुरकडे गेली. मालन म्हणाली, माझं डोकं दुखतंय. त्या परत आल्या तेव्हा पूर्वीचे डोळे सुजले होते आणि दहाही बोटं उघडी होती. नऊ नखं फिकी, बुटकी, लाजल्यासारखी. दहावं शेवाळासारखं हिरवं आणि अर्ध्यापर्यंत मांसापासून सुटलेलं.

"डॉक्टरांनापण दाखवलं," कमल म्हणाली. "थेंब दिलेत. कोरडं ठेवायचं. वर काही लावायचं नाही. डाग वाढून कापला जाईपर्यंत महिने जातील."

"होर्डिंग?" मालननं विचारलं.

तिनं ते इतक्या पटकन विचारलं की कमलनं मान वर केली.

"गेलं," पूर्वी म्हणाली आणि आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. "माझंच चुकलं. मीच लावली ती ट्यूब. मला कुणी सांगितलं नव्हतं."

हे ती आईकडे बघत बोलली. मालन तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. पुढचे दिवस तिनं पूर्वीच्या बोटाची जेवढी काळजी घेतली तेवढी कधी स्वतःच्या बोटांची घेतली नसेल. थेंब घालायची, कापसानं टिपायची, फुंकर घालायची. पूर्वी विश्वासानं हात तिच्या मांडीवर ठेवायची. मालनला रडू यायचं आणि त्याच वेळी आत कुठेतरी, अगदी खोल, कुणीतरी टाळ्या वाजवत असायचं.

हितेंद्रचा फोन आला.

"मालन, मी मेलो. क्लायंटला परवा फोटो पाहिजे. दोन पोरी बघितल्या, एकीची बोटं चिपाडांसारखी, दुसरीचा रेट परवडत नाही. काय करू?"

"मी आहे ना."

"तू आईचा हात आहेस गं."

"नखं लावता येतात म्हणाला होतास. शिरा काढता येत असतील की कॉम्प्युटरवर."

मग तो म्हणाला, "ये."

नूपुरकडे जायचा तिला धीर झाला नाही. लालबागला एका अनोळखी पार्लरात जाऊन तिनं नखं बसवून घेतली. फिकट गुलाबी, बदामाच्या आकाराची. निघायच्या दिवशी पूर्वीच म्हणाली, "आई, तू जा आत्याबरोबर. बांगड्या चढवायला कुणीतरी लागतं." कमलनं साडी बदलली.

"तू कशाला येतेस, वहिनी? दिवसभर ताटकळशील."

"येतंय मी," कमल म्हणाली.

स्टुडिओत मखमल पसरलेली होती. ताटात हिरवा चुडा, पाटल्या, तोडे. सराफाचा माणूस कोपऱ्यात खुर्ची टाकून दागिन्यांवर नजर ठेवून बसला होता. मालननं चुडा आणि तोडा घालून हात प्रकाशात ठेवला. हितेंद्रनं लेन्समधून पाहिलं. "शिरा जरा आहेत. पण नखं झकास. होऊन जाईल." मग त्यानं डोकं खाजवलं. "अरे, आईचा हात! येते म्हणालेली ती बाई आलीच नाही. वहिनी, तुम्ही या ना."

"मी? माझो हात बघितलास? चिरे गेलेत नुसते."

"मागे राहणार तुमचा. धूसर. कुणाला काही दिसत नाही त्यातलं."

हे ऐकून मालनच्या मनात आलं, म्हणजे मला बोलावलं होतं ते या धूसर हातासाठी. तिला पुन्हा एकदा राग आला आणि त्या रागात थोडा वेळ तिला बरंही वाटलं.

कमलच्या दंडावर शालूचा पदर ओढला. तिनं डाव्या हातात मालनचा पंजा धरला आणि उजव्या हातानं पाटली बोटांपर्यंत आणली.

"बस्स. अश्शाच. हलायचं नाही कुणी," हितेंद्र म्हणाला आणि दिव्यांशी खटपट करू लागला.

दोघींची डोकी जवळ आली होती. कमल ओठ न हलवता बोलल्यासारखं बोलली.

"ट्यूब लाव म्हणून तू सांगितलंस?"

"काय?"

"पूर्वी म्हणते, मीच लावली. ती खोटं बोलते तेव्हाच माझ्या डोळ्यांत बघते. खरं बोलते तेव्हा मोबाईलमध्ये असते."

"वहिनी, आत्ता नको."

"आत्ताच. घरी तू उठून गॅलरीत जातेस. इथं तुझा हात माझ्या हातात आहे."

"बोटं सैल, मालन!" हितेंद्र ओरडला. "नवरी आहेस, मारामारीला नाही आलीस."

मालननं बोटं सैल केली. कॅमेरा खटखटला.

"नूपुर म्हणाली, आत पाणी असताना चिकटवलं की असं होतं," कमल म्हणाली. "मी तिला म्हटलं, आमच्या मालनला हे माहीत असतं तर तिनं पोरीला लावू दिलं नसतं. मग रस्त्यात येताना माझ्या लक्षात आलं. मी हे कुणाला सांगतेय? तिला की मला?"

"मस्त! वहिनी, पाटली अजून जरा आत."

कमलनं पाटली जरा आत सरकवली. तिच्या बोटाच्या खरखरीत पेराचा स्पर्श मालनच्या मनगटाला झाला.

"तुझ्या हातांचा राग आला माका. खूपदा आला. लग्न होऊन आले तेव्हा माझे हात काय वाईट होते? पण तुझ्या तेलाच्या बाटलीत मी कधी पाणी घातलं नाही, मालन. मनात येऊनसुद्धा नाही घातलं."

मालन मखमलीकडे बघत राहिली.

"मला भांडायचं नाही. गंगाधरला सांगणार नाही, पूर्वीला तर नाहीच नाही. मला एवढंच सांग. तुला माहीत नव्हतं ना? विसरलीस, लक्षात नाही आलं, काहीही म्हण. नव्हतं माहीत म्हण, मी मानते. आयुष्यभर मानेन. बोल."

एक शब्द पुरला असता. कमलनं तो तिच्या पुढ्यात आणून ठेवला होता, पाटलीसारखा, फक्त हात आत घालायचा होता. मालननं तोंड उघडलं. पूर्वी त्या सकाळी टॉवेल गुंडाळून समोर उभी होती, बोटाखाली तो बुडबुडा सरकला होता, तो अजूनही तिच्या अंगठ्याला जाणवत होता.

तिनं तोंड मिटलं.

मग तिनं कमलच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"ए, ए! काय करतेस?" हितेंद्र कॅमेऱ्यामागून पुढे आला. "फ्रेम लागली होती!"

मालननं पाटली काढून मखमलीवर ठेवली. मग तोडा. मग चुड्यातली एकेक बांगडी, अंगठा तळव्यात दुमडून, न फोडता, जशी ती नेहमी काढायची. सराफाचा माणूस उठून उभा राहिला आणि नजरेनं दागिने मोजू लागला. कमल जागची हलली नाही. तिचा हात अजून पुढेच होता आणि डोळे मालनच्या चेहऱ्यावर होते.

"मालन? बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ? अगं, दोनच फोटो राहिलेत. मालन!"

शेवटची बांगडी ठेवून मालननं पर्स उचलली. दाराची कडी जड होती. तिनं ती नव्या नखांनीच ओढली, दार उघडलं आणि मागे न बघता जिना उतरून गेली.